बैलांना वाट ठाऊक होती

मद्य आणि वाहन यांची गाठ मोटारीने घालून दिली, असे कोणी समजू नये. ती गाठ फार जुनी आहे. आठवड्याच्या बाजाराला जाऊन, माल विकून, कनवटीला चार पैसे लागले म्हणजे गुत्त्याकडे वळणारे गाडीवान आपल्या मुलखात काही थोडे नव्हते. पण त्या काळी एक गोष्ट गाडीवानाच्या बाजूची होती. तो झिंगून गाडीत आडवा झाला, तरी बैलांना घरची वाट ठाऊक असे. ओढ्याच्या उतारावर ते आपणच पाय आवरीत, समोरून दुसरी गाडी आली तर आपणच बाजू घेत, आणि रात्री उशिरा का होईना, घरच्या गोठ्याशी येऊन उभे राहात. घरची माणसे कंदील घेऊन बाहेर येत आणि धन्याला उतरवून घेत. कधी गाडी उलटे, कधी बैल बुजत, हे खरे. तरी हाकणाऱ्याची शुद्ध हरपली म्हणजे गाडीतली सगळीच शुद्ध हरपली, असे होत नसे.

इंग्लंडात १८७२ साली दारूच्या परवान्यांसंबंधी एक कायदा झाला. रस्त्यावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन आपल्या ताब्यात असताना नशेत असणे हा गुन्हा, असे त्यात एक कलम आहे. गुरे आणि वाफेचे इंजिन यांना कायद्याने एका ओळीत बसवले! कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच अवजड, सारख्याच धोक्याच्या. पण गाय खड्ड्याच्या काठाशी थबकते आणि इंजिन थबकत नाही, हा फरक त्या ओळीत कोठे उमटलेला नाही. तो उमटायला पुढची पंचवीस वर्षे जावी लागली, आणि त्याचा अर्थ पुरता कळायला तर शंभर वर्षेही अपुरी पडली. या लेखात मला त्या शंभर-सव्वाशे वर्षांची हकीकत सांगायची आहे. मी शाळामास्तर आहे, तेव्हा हकीकतीचा शेवट मुलांपाशी आणि वर्गापाशी येऊन होणार, हे वाचकांनी आधीच धरून चालावे.

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई एका मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीचे ते प्रदर्शन होते; लोकांना हौसेने चक्कर मारून आणीत होते. गाडीचा वेग आजच्या सायकलस्वाराला हसू यावे इतकाच. चौकशी झाली आणि 'अपघाती मृत्यू' असा निकाल लागला. असा प्रकार पुन्हा कधी न घडो, अशी इच्छा मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली, असे सांगतात. इच्छा भली होती. त्या निकालातला 'अपघाती' हा शब्द मात्र पुढे पाऊणशे वर्षे सगळ्यांना पुरला. अपघात म्हणजे दैवाचा घाला. त्याला कोण काय करणार? आपल्याकडे तर 'वेळ आली होती' या तीन शब्दांत सगळी चौकशी संपते.

पुढच्याच वर्षी, १० सप्टेंबर १८९७ रोजी, जॉर्ज स्मिथ नावाच्या लंडनच्या टॅक्सीवाल्याने आपली गाडी न्यू बाँड स्ट्रीटच्या पदपथावर चढवून एका घरावर नेऊन आदळली. ही टॅक्सी विजेवर चालणारी होती, हे ऐकून आजच्या मुलांना नवल वाटेल. विजेच्या टॅक्सी लंडनमध्ये त्याच उन्हाळ्यात सुरू झाल्या होत्या. स्मिथने दोन-तीन ग्लास बिअर घेतल्याचे कबूल केले, गुन्हा मान्य केला आणि दंड भरला. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल अटक झालेला पहिला माणूस म्हणून इतिहासात त्याचे नाव राहिले. पंचविशीतला तरुण, नवी कोरी गाडी, थोडीशी बिअर आणि मध्यरात्रीनंतरचा रिकामा रस्ता: पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या हजारो प्रकरणांचा साचा त्या पहिल्याच प्रकरणात तयार होता.

स्मिथने कबुली दिली म्हणून निभावले. जो कबूल करणार नाही त्याचे काय? 'हा मनुष्य नशेत आहे' हे ठरवायचे कसे? पोलीस खडूची रेघ ओढून तिच्यावरून चालायला लावीत. डॉक्टर जीभ अडखळेल अशी वाक्ये म्हणायला सांगत. सराईत पिणारा रेघेवरून सरळ चालून दाखवी आणि न पिणारा भित्रा मनुष्य पोलिसाला पाहून अडखळे. खटला उभा राहिला तर न्याय करायला बसलेल्या गृहस्थांपैकी कित्येकांना मनातून वाटे, की काल रात्री क्लबातून आपणही असेच परत आलो. अशा वेळी न्यायाचे पारडे कोठे झुकणार?

हा पेच सोडवला तो रसायनशास्त्राने. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एरिक विडमार्क नावाचे प्राध्यापक होते. बोटाच्या टोकाला सुई टोचून काढलेल्या थेंबभर रक्तातले मद्य मोजण्याची रीत त्यांनी १९२० नंतरच्या दशकात बसवली. रक्तात मद्य किती चढते आणि तासागणिक किती उतरते, याचे गणित त्यांनी मांडले. ते गणित आजही कोर्टात वापरतात. त्यातला मुख्य मुद्दा प्रत्येक मुलाला पाठ असावा असा आहे. यकृत मद्य जाळते ते आपल्या ठरलेल्या चालीने: १०० मिलिलीटर रक्तामागे दर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम. माणसामाणसात थोडाफार फरक पडतो, पण घाई केल्याने ही चाल वाढत नाही. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबाचे सरबत, उलटी यांपैकी कशानेही ती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या रक्तात ९० मिलिग्रॅम आहे, त्याच्या रक्तात पहाटे तीनलाही ४५ उरतात. 'जरा तोंड धुतो, मग निघू' म्हणणारा मनुष्य तोंड धुऊन निघतो, इतकेच.

या मोजमापाच्या पायावर नॉर्वेने १९३६ साली जगात प्रथमच आकड्यांत मर्यादा घातली: १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम. त्यापुढे मनुष्य चालतो कसा, बोलतो कसा, याची चौकशीच नको. तिकडे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातले प्राध्यापक रोला हार्गर यांनी फुगा फुगवायला लावून श्वासातले मद्य ओळखण्याचे यंत्र काढले. जांभळ्या द्रावणाचा रंग मद्याने उडत जाई. त्याच राज्याच्या पोलीसखात्यात काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ साली त्याहून सुटसुटीत यंत्र बनवले. त्यात पिवळे द्रावण फिके पडे आणि किती फिके पडले ते यंत्र मोजी. आज आपल्या नाक्यावरचा हवालदार जे यंत्र तोंडापुढे धरतो, ते या यंत्रांच्याच वंशातले.

बोर्केनस्टाइन यांनी पुढे याहूनही मोलाचे काम केले. १९६२-६३ साली मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या शहरात त्यांनी अपघातात सापडलेल्या हजारो चालकांचा श्वास मोजला आणि त्याच रस्त्यांवरून सुखरूप जाणाऱ्या हजारो चालकांचाही मोजला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा दिसून आले, की मद्याचे प्रमाण वाढते तसा अपघाताचा धोका वाढतो, आणि वरच्या पातळ्यांवर तर तो भराभर वाढतो. दैवाचा म्हणून मानलेला घाला असा कागदावर रेषेने काढता आला. विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हाच विचार पुढे नेला. इजा ही रोगासारखीच आहे, असे ते म्हणत. देहाला सोसवणार नाही एवढी शक्ती देहावर येऊन पडते, तिचे नाव इजा. मग ती पडण्यापूर्वी, पडताना आणि पडल्यावर अशा तीन ठिकाणी तिला अडवता येईल. पिऊन चाकामागे न बसणे हा पहिला अडसर. हेल्मेट आणि पट्टा हा दुसरा. वेळेवर दवाखाना हा तिसरा. १९६६ साली अमेरिकेत रस्तासुरक्षेचे सरकारी खाते निघाले, त्याचे पहिले प्रमुख हेच हॅडन होते.

मोजता येऊ लागले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये १९६७ साली बार्बरा कॅसल या वाहतूकमंत्री होत्या. त्यांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. त्यांच्या कारकिर्दीत ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणि रस्त्यावरच श्वास तपासण्याचा अधिकार कायद्यात आला, आणि ९ ऑक्टोबर १९६७ पासून तो अमलात आला. 'ज्या बाईला गाडी येत नाही ती आम्हाला शिकवणार!' अशी ओरड झाली, पबवाले खवळले. पण त्या हिवाळ्यात रस्त्यावरचे मृत्यू स्पष्ट दिसावेत इतके घटले. मग हळूहळू आकडे पुन्हा वर येऊ लागले. असे का व्हावे? लॉरेन्स रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी या प्रकरणाचा बारकाईने अभ्यास केला आणि उलगडा केला. पहिल्या काही महिन्यांत लोकांना वाटले, आता आपण हमखास पकडले जाणार. पुढे अनुभवाने कळले, की तपासणी क्वचितच होते. शिक्षा तीच होती, भीती तेवढी ओसरली. शिक्षा केवढी कडक, यापेक्षा ती होणार की नाही याची खात्री माणसाला आवरते, हा धडा त्यातून निघाला. वर्गावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही मास्तराला तो पटेल. छडी मोठी असून उपयोग नसतो, वही रोज तपासावी लागते.

* * *

आता मुलांकडे येऊ.

अमेरिकेत १९७० नंतर बऱ्याच राज्यांनी मद्यपानाचे किमान वय खाली आणले. अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळाला, मग प्याला का नको, असा युक्तिवाद होता. सोळाव्या वर्षी मोटारीचे लायसेन्स आणि अठराव्या वर्षी मद्य. कोवळ्या वयात गाडीचाही सराव कच्चा आणि मद्याचाही. तेवढ्याच मद्याने तरुण चालकाचा धोका प्रौढ चालकापेक्षा अधिक वाढतो. परिणाम लवकरच दिसला.

३ मे १९८० रोजी कॅलिफोर्नियात कॅरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालली असता मागून आलेल्या मोटारीने तिला उडवले आणि चालक पळून गेला. तो पकडला गेला तेव्हा कळले, की पिऊन चालवल्याबद्दल त्याला यापूर्वीही शिक्षा झाल्या होत्या. मुलीच्या आईने, कँडी लाइटनर यांनी, त्याच वर्षी पिऊन चालवणाऱ्यांविरुद्ध मातांची संघटना उभारली. हा दैवाचा खेळ नसून गुन्हा आहे, हे त्या आयांनी गावोगाव आणि कोर्टाकोर्टात जाऊन सांगितले. १७ जुलै १९८४ रोजी अध्यक्ष रेगन यांनी, आधी अनुकूल नसताना, एका कायद्यावर सही केली. जे राज्य मद्यपानाचे वय एकवीस करणार नाही, त्याच्या रस्त्यांच्या अनुदानाला कात्री लागणार होती. १९८८ पर्यंत सगळी राज्ये वाटेवर आली.

कायद्याने वय वाढवले, पण एकविशीखालच्या मुलांना पार्ट्यांना जाण्यापासून कोण अडवणार? या प्रश्नाला भिडला तो एक शिक्षक. मॅसॅच्युसेट्स राज्यात वेलँड नावाचे गाव आहे. तेथल्या शाळेत रॉबर्ट अनास्तास हे आरोग्य शिकवीत आणि मुलांना हॉकी शिकवीत. १९८१ साली थोड्या दिवसांच्या अंतराने त्यांचे दोन विद्यार्थी मोटार अपघातांत गेले. त्यांनी शाळेतल्याच मुलांना हाताशी धरून पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध विद्यार्थ्यांची संघटना काढली आणि एक करारपत्र तयार केले. करार होता मूल आणि आईबाप यांच्यात. मुलाने लिहून द्यायचे: मी प्यालो असेन, किंवा मला घरी आणणारा प्यालेला असेल, तर कोणत्याही वेळी, कोठूनही, मी तुम्हाला फोन करीन. आईबापांनी लिहून द्यायचे: आम्ही येऊन तुला घेऊन जाऊ किंवा टॅक्सीचे पैसे देऊ, त्या वेळी प्रश्न विचारणार नाही, वाद घालणार नाही, बोलायचे ते मागाहून बोलू. आणि आणखी एक कलम होते, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: आम्ही स्वतःही प्यालेलो असू तेव्हा चाकाला हात लावणार नाही.

या करारावर टीका पुष्कळ झाली. मुलांनी प्यायले तरी चालते असेच तुम्ही सांगता, असे लोक म्हणाले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. संघटनेने पुढे १९९७ साली नाव बदलले आणि मुळात पिऊच नये यावर भर वाढवला. पण अनास्तास यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती. मद्य सर्वांत आधी ग्रासते ते माणसाच्या विवेकाला. हातपाय लटपटण्याच्या कितीतरी आधी 'मी ठीक आहे' हे खोटे त्याला खरे वाटू लागते. म्हणून त्या घटकेला नीट निर्णय घे, असे त्याला सांगणे व्यर्थ आहे. तो निर्णय शुद्धीवर असताना, दिवसाउजेडी, घरात बसून आधीच झालेला असला पाहिजे. रात्री तो नुसता आठवायचा.

१४ मे १९८८ च्या रात्री केंटकी राज्यातल्या कॅरल्टन गावाजवळ एक पिकअप गाडी हमरस्त्यावर उलट दिशेने आली आणि सहलीहून परतणाऱ्या बसवर आदळली. बस जुनी शाळेची होती आणि तिच्यात मुले भरलेली होती. आदळताच तिने पेट घेतला. सत्तावीस जण गेले, त्यांत चोवीस मुले. पिकअपच्या चालकाच्या रक्तात मद्य तिथल्या त्या वेळच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. त्या बसमधल्या एकाही मुलाची काही चूक नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो. 'माझा जीव, माझी मर्जी' असे मुले म्हणतात; रस्त्यावर मात्र आपल्या मर्जीची किंमत दुसराच कोणी चुकवतो.

शिकवण्याच्या रीती तरी किती करून पाहिल्या! ओहायो राज्यात १९५९ साली 'सिग्नल थर्टी' नावाचा बोलपट निघाला. खऱ्या अपघातांतली खरी प्रेते त्यात दाखवली होती, आणि तो शाळाशाळांतून मुलांना दाखवीत. पुढे जॉर्जिया राज्यातल्या डिकॅल्ब परगण्यात सोळा हजारांवर मुलांवर मोठा प्रयोग झाला. काहींना मोटार चालवण्याचे उत्तम शिक्षण दिले, काहींना दिले नाही, आणि पुढे काही वर्षे त्यांचा माग ठेवला. शिकलेल्यांचे अपघात टिकाऊपणे कमी झाले असे आढळले नाही. उलट शिक्षणाने लायसेन्स लवकर हाती आले आणि मुले लवकर रस्त्यावर आली. १९८६ साली टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयाने निराळी वाट धरली. शाळेतल्या मुलांना दिवसभर रुग्णालयात आणायचे. रुग्णवाहिकेपासून अतिदक्षता विभागापर्यंत जखमीची वाट त्यांना चालवून आणायची. आणि शेवटी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, त्यांच्याच वयात जायबंदी झालेल्या माणसाशी त्यांना बोलू द्यायचे. ही रीत पुढे बऱ्याच देशांत गेली. न्यूझीलंडने १९८७ साली तिसरी वाट काढली: लायसेन्स टप्प्याटप्प्याने द्यायचे. मधल्या टप्प्यात रात्री दहानंतर एकट्याने चालवायचे नाही आणि सोबतीला मित्रांना बसवायचे नाही. मुलाला शहाणे करीत बसण्यापेक्षा शहाणपणाची कसोटी लागणारी घटकाच त्याच्या वाटेतून दूर करायची, ही ती युक्ती. तिचा गुण असा आला की अनेक देशांनी ती उचलली.

या सगळ्यांचा हिशेब मांडला तर असे दिसते, की नुसती भीती फार काळ टिकत नाही आणि नुसते ज्ञानही पुरत नाही. टिकते ती आधी ठरवून ठेवलेली सोय, पकडले जाण्याची खात्री आणि घरच्यांचा शब्द. अमेरिकेत १९८२ साली मद्यधुंद चालकांपायी सुमारे २१,००० माणसे मेली. २०११ साली हा आकडा १०,००० च्या आत आला. कायदा, माता, शिक्षक आणि पोलीस या सगळ्यांचे ते फळ. २०२१ साली तो पुन्हा १३,००० वर गेला. शेत एकदा खुरपले म्हणजे तण कायमचे गेले असे होत नाही.

* * *

आपल्याकडे काय आहे?

कायदा आहे, आणि तो पुष्कळ कडक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्या राज्यात कडक मद्यासाठी वय २५ आणि सौम्य बिअरसाठी २१ ठरलेले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम १९९४ च्या दुरुस्तीपासून रक्तातल्या मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम धरते, म्हणजे ब्रिटनच्या १९६७ च्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही ठेवले. त्याच दुरुस्तीतले १९९-अ हे कलम प्रत्येक पालकाने वाचावे. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसेन्स नाही.

असे असूनही २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. सगळीच काही मद्याचे बळी नव्हेत. वेग, रस्ते, हेल्मेट नसणे, अशी कारणे पुष्कळ. पण १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एका तरुणाची मोटार चढली आणि सात जीव गेले, तेव्हा कारण शोधायला लांब जावे लागले नाही. चालक प्यालेला होता. सुप्रीम कोर्टाने २०१२ साली त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. मेलेले मजूर रस्ता बांधण्याच्याच कामावर होते.

आणि १९ मे २०२४ ची पुण्याच्या कल्याणीनगरची ती पहाट कोण विसरेल? सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा, एका मुलाचा आणि एका मुलीचा, जीव घेतला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन दिला. अटींमध्ये एक अशी होती, की त्याने रस्ते अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला. मंडळाने तीन दिवसांत आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवले. पुढे जूनमध्ये हायकोर्टाने त्याची तेथून सुटका केली. मधल्या काळात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. विडमार्कच्या साऱ्या विद्येचा आधार एवढाच, की बाटलीतले रक्त ज्याचे त्याचे असेल.

त्या निबंधावर लोक हसले, चिडले. निबंध लिहून घेणे हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून मला त्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आहे. निबंध ही काही टाकाऊ गोष्ट नव्हे. मुलाने एखाद्या विषयावर स्वतःच्या शब्दांत तीनशे शब्द खरे लिहिले, तर त्याच्या मनाची नांगरट होते. पण नांगरट पेरणीच्या आधी करतात. दोन चिता विझल्यावर लिहिलेला निबंध कोणासाठी? तो निबंध नववीत लिहून घ्यायचा असतो, आणि बापाने तो वाचायचा असतो.

मी नववीच्या वर्गाला हे गणित घालतो: गाडीचा वेग ताशी साठ किलोमीटर, मद्यामुळे ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी किती पुढे जाईल? मुले भराभर भागाकार करतात. उत्तर येते सव्वाआठ मीटर. मग मी त्यांना फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत पावले टाकून मोजायला लावतो. आमचा वर्ग सात मीटरांचा आहे. वर्ग गप्प होतो. पण एकदा एका मुलाने जे विचारले ते गणिताच्या पुस्तकात नव्हते. तो म्हणाला, "सर, हे सगळं कळलं. पण मित्राच्या भावाच्या हळदीला गेलो, सगळे प्याले, आणि मला घरी सोडणाराही प्यालाय. रात्रीचा एक वाजलाय. शेवटची एसटी केव्हाच गेली. मग मी काय करू?" मी म्हणालो, "वडिलांना फोन कर." तो म्हणाला, "आणि मार खाऊ?"

इथे सगळे अडते. आपल्या घरांतून दारू हा शब्द मुलांसमोर उच्चारायचा नाही, अशी रीत आहे. ज्या घरात बाप पितो तिथेही नाही, आणि पीत नाही तिथे तर नाहीच. त्यामुळे मुलाला अपघाताची भीती वाटते त्याहून अधिक भीती वाटते ती घरी कळण्याची. त्या भीतीपोटी तो प्यालेल्या मित्राच्या मागे बसतो. स्वतः थोडी घेतली असेल तर वास जाईपर्यंत थांबून स्वतःच गाडी काढतो. मरणाच्या भीतीने वागणूक बदलायला मरण जवळ दिसावे लागते. सोळाव्या वर्षी ते दिसत नाही; बापाचा हात मात्र स्पष्ट दिसतो.

म्हणून माझे सांगणे पालकांना आहे. मुलाला पिऊ नको म्हणून जरूर सांगा. सोळाव्या वर्षी गाडीची किल्ली हातात देऊ नका. कायदा तुमच्याच गळ्याशी येईल. पण त्याबरोबर, सणासुदीच्या दिवसांत सगळे घरी असताना, एक शब्द त्याला द्या. रात्री कितीही वाजता, कोठूनही फोन कर, मी येईन; वाटेत एक शब्द बोलणार नाही; बोलायचे ते दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर बोलू. हा शब्द दिलात तर पाळा. पहिल्याच फोनला आरडाओरडा केलात, तर दुसरा फोन येणार नाही. आणि तुम्ही स्वतः लग्नाहून परतताना 'दोनच घेतलेत' म्हणून चाकामागे बसत असाल, तर हा शब्द देण्याच्या भानगडीत पडू नका. मुलगा तुमच्या बोलण्याकडे बघत नाही, तुमच्या हातातल्या किल्लीकडे बघतो.

बैल गेले, मोटार आली. ती फार उपयोगाची आहे आणि तिच्यावाचून आता चालायचे नाही. पण तिला घर ठाऊक नाही. घराने मुलाकडे चालत जाणे, एवढेच आपल्या हाती उरले आहे. रात्री एक वाजता फोन वाजला, तर पायांत चपला सरकवून निघावे. रागवायला दुसरा दिवस आहे.